तुमचं मत कुठं आहे?

सकाळचे साडेनऊ वाजले की करोल बागेतल्या त्या गल्लीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. आत एक टेबल, त्यावर शाईचा डबा, दोन-तीन शिक्के, लेटरहेडचा गठ्ठा आणि एक जाडजूड रजिस्टर. भिंतीवर आमदारांचा हात जोडलेला फोटो. आमदार स्वतः येतात अकराच्या पुढं, पण माणसं नऊपासूनच बसलेली असतात. कुणाच्या हातात विजेचं बिल, कुणाच्या हातात शाळेचा कागद, एखाद्या म्हाताऱ्याच्या हातात पेन्शनचं पासबुक. एका बाईच्या हातात काहीच नसतं. ती फक्त सांगायला आलेली असते, की चार दिवस झाले, नळाला पिवळं पाणी येतंय.

२०१९ च्या सप्टेंबर अखेरीस वहिनी पहिल्यांदा या खुर्च्यांपैकी एकीवर बसल्या, तेव्हा त्यांना दिल्लीत येऊन अठरा वर्षं झाली होती. मूळच्या आटपाडी तालुक्यातल्या. सासर खानापूर तालुक्यात, विट्याच्या बाजूला. नवरा गलाईवाला. गल्लीत मात्र सगळे त्यांना 'बंबईवाली भाभी' म्हणतात. मुंबईत त्या आयुष्यात दोनदा गेल्या असतील. पण दिल्लीच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे मुंबई, त्याला कोण काय करणार?

टेबलामागच्या मुलानं रजिस्टर पुढं ओढलं. नाव, पत्ता, फोन, काम... आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "भाभी, वोट कहाँ है आपका?"

वहिनी गप्प. मुलानं एक क्षण वाट पाहिली आणि त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. काम अडलं नाही. पत्र मिळालं, शिक्काही मिळाला. पण ती रेघ वहिनींच्या डोक्यातून जाईना.

गलाईवाल्यांची गोष्ट आपल्याकडे अजून पुरती कुणी ऐकलेली नाही. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातले माण, खटाव हे सगळे पाऊस टाळून जाणारे तालुके. शेतीत राम नाही म्हणून इथली पोरं घराबाहेर पडली आणि जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा शिकली. भट्टी, मूस आणि तेजाब एवढ्या भांडवलावर ती देशभर पसरली. जिथं सराफ बाजार आहे, तिथं गलाईचं दुकान आहे आणि त्यावर बहुधा मराठी आडनाव आहे. दिल्लीत ती चांदणी चौकाच्या गल्ल्यांत आहेत, तशी करोल बागेच्या बीडनपुरा, रैगरपुरा, नाईवाला या सोनारकामाच्या वस्त्यांतही आहेत. दिवाळीला, गावच्या जत्रेला आणि निवडणुकीला ती गावी जातात. एरवी दिल्लीत.

म्हणजे घर दिल्लीत आणि मत गावात! वहिनींच्या घरातली चारही मतं खानापूर मतदारसंघातल्या यादीत होती. वहिनी, त्यांचे यजमान, सासूबाई आणि दुकानात राहणारा धाकटा दीर. यजमान याचा अभिमान बाळगून होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी टापूत न्यायची योजना झाली. त्या पाण्यासाठी तिथले आमदार अनिल बाबर वर्षानुवर्षं मागं लागले होते. आयुष्यभर टँकरकडं बघत बसलेल्या माणसाच्या शिवारात पाणी खळाळलं, तर तो ते मत कसं सोडेल?

"त्ये पानी मतानं आलंय," यजमान म्हणत. "हितं दिल्लीत आमदार कोन हाय त्येचं नाव तरी ठावं हाय का मला?"

आणि खरंच, त्यांना ते ठाऊक नव्हतं.

दिल्लीच्या आमदाराचं नाव ठाऊक नसणं हा काही फक्त त्यांचा दोष नव्हे. या शहराला विधानसभाच मुळी अडखळत मिळाली. १९५२ मध्ये ४८ जणांची विधानसभा झाली, चौधरी ब्रह्मप्रकाश मुख्यमंत्री झाले. १९५६ मध्ये ती गेली. १९६६ च्या कायद्यानं महानगर परिषद आली, पण तिला सल्ला देण्यापलीकडं फारसे अधिकार नव्हते. १९९१ मध्ये ६९ वी घटनादुरुस्ती झाली आणि १९९३ मध्ये ७० आमदार निवडून आले, मदनलाल खुराना मुख्यमंत्री झाले. मधली सदतीस वर्षं देशाच्या राजधानीत आमदार हा प्राणीच नव्हता!

आता आहे, पण त्याच्या हातात काय आहे हे कळायला वकील लावावा लागेल. पोलिस केंद्राचे. जमीन केंद्राची, तिचा कारभार दिल्ली विकास प्राधिकरणाकडं. गल्लीतली नाली आणि कचरा महानगरपालिकेचा, त्यासाठी नगरसेवक, ज्याला इथं पार्षद म्हणतात. ही महानगरपालिका २०१२ मध्ये तीन तुकड्यांत वाटली गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा एक झाली. सांडपाण्याची मोठी वाहिनी तुंबली तर ती दिल्ली जल बोर्डाची. रस्ता साठ फुटांहून रुंद असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याचा, अरुंद असेल तर बहुधा पालिकेचा. खड्ड्यात पडलेल्या माणसानं आधी टेप घेऊन रस्ता मोजावा, मग तक्रार करावी अशी परिस्थिती! माणसं ते करत नाहीत. ती सरळ आमदाराच्या खुर्चीवर येऊन बसतात. आमदाराच्या टेबलावर निम्मं काम असतं ते दुसऱ्याच्या दाराचा पत्ता सांगण्याचं आणि त्या दारावर स्वतःच्या लेटरहेडनं टकटक करण्याचं.

शेजारच्या नोएडात तर आणखीनच गंमत आहे. तिथं महापालिकाच नाही. उत्तर प्रदेशच्या १९७६ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली नेमलेलं प्राधिकरण शहर चालवतं. नगरसेवक नाही, महापौर नाही. वहिनींची मावसबहीण तिथं चौदाव्या मजल्यावर राहते. तिला घराजवळचा लोकप्रतिनिधी शोधायचा झाला तर थेट आमदारच, आणि त्या आमदाराच्या वाट्याला लाखो मतदार. ती म्हणते, "आमची आपली सोसायटीच बरी." सोसायटीचा सेक्रेटरी निदान लिफ्टमध्ये भेटतो.

वहिनींचं काम होतं विजेचं. भाड्याच्या दोन खोल्या, मीटर घरमालकाच्या नावावर, आणि युनिटला मालक सांगेल तो दर. त्या ऑगस्टपासून दिल्लीत महिन्याला २०० युनिटांपर्यंतची वीज फुकट झाली होती, पण तिचा फायदा मीटर ज्याचा त्याला. सप्टेंबरमध्ये सरकारनं भाडेकरूंसाठी वेगळ्या मीटरची योजना काढली. घरमालकाच्या ना-हरकतीची गरज नाही, भाडेकरार किंवा भाड्याची पावती आणि ३,००० रुपये अनामत पुरे. ही बातमी वहिनींना पेपरातून कळली नाही. आमदारांच्या कार्यालयाचा व्हॉट्सअॅप गट होता, त्यात शेजारीण होती, तिनं ती वाचून दाखवली.

हे गट म्हणजे जुन्या हँडबिलांचा नवा अवतार. पूर्वी सायकलरिक्षावर भोंगा लावून गल्लीगल्लीत पुकारा व्हायचा, नाहीतर पेपरात घडी घातलेला गुलाबी कागद यायचा. 'अमुक तारखेला चौपालमध्ये पेन्शन शिबिर, तमुक तारखेला पाणी येणार नाही.' आता तेच फोनवर येतं, सोबत गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. त्या फुलांच्या ढिगातून कामाचा निरोप शोधून काढणं हेही एक कसबच आहे. आपल्याकडं राम नाईक आमदार-खासदार असताना आपल्या कामाचा अहवाल छापून लोकांपुढं ठेवत. पुढं उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले तेव्हाही 'राजभवन में राम नाईक' या नावानं दरवर्षी अहवाल काढत राहिले. राज्यपालाला कोण जाब विचारणार होतं? तरी काढत. व्हॉट्सअॅपवरच्या निरोपाला ते वजन नाही. तो उद्या सापडत नाही. पण भाडेकरूच्या खोलीपर्यंत तो पोचतो, हे मात्र मान्य करायला हवं.

घरमालकानं पावती द्यायला तीन महिने लावले, तो भाग वेगळा. त्या तीन महिन्यांत वहिनींच्या तिथं बऱ्याच खेपा झाल्या आणि एका खेपेला सासूबाईही बरोबर आल्या. खरी गोष्ट तिथून सुरू होते.

वहिनी त्यांना आत्याबाई म्हणतात. तेव्हा वय एक्काहत्तर. नऊवारी, कपाळावर गोंदण, हिंदी जेमतेम. सासरे गेल्यावर २०१२ मध्ये त्या दिल्लीत आल्या आणि आल्यापासून 'गावाकडं कवा जायाचं' एवढंच विचारत होत्या. त्या दिवशी खुर्चीवर बसल्या असताना शेजारच्या म्हाताऱ्यांची चर्चा त्यांच्या कानावर पडली. सरकार फुकटात तीर्थयात्रेला नेतंय. गाडी, जेवण, राहणं, सगळं. दिल्ली सरकारची ही योजना २०१८ मध्ये मंजूर झाली होती आणि पहिली गाडी १२ जुलै २०१९ ला सफदरजंग स्टेशनातून अमृतसरला गेली होती. साठीपुढचे दिल्लीकर, प्रत्येक मतदारसंघातून वर्षाला अकराशे, सोडत काढून. अर्ज आमदारांच्या कार्यालयातूनही भरता येई आणि माणूस दिल्लीचाच रहिवासी आहे असा दाखला आमदार देत. सत्तरीपुढच्यांना सोबतीला एक जण नेता येई.

"रामेसरला जाती का गाडी?" आत्याबाईंनी सुनेला विचारायला लावलं.

जाते, म्हणाला मुलगा. फक्त दिल्लीचं मतदार ओळखपत्र लागेल.

म्हणजे पुन्हा तीच रेघ.

घरी त्या रात्री मोठा वाद झाला. यजमानांचं म्हणणं एकच. गावात घर आहे, सातबारा आहे, ग्रामपंचायतीत आपलं मत मोजलं जातं. ते काढलं तर उद्या बांधावरून भांडण झालं तर गावात कोण विचारील? रामेश्वरला जायचंय ना, मी पैसे भरतो, पण मत हलवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी कार्यालयातल्या मुलाला विचारलं, दोन्हीकडं ठेवता येतं का? तो हसला. बरेच जण विचारतात म्हणाला. नाही ठेवता येत. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ सांगतं, एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात. खोटं लिहून दिलं तर कलम ३१ खाली वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि नाव कुठं असावं? जिथं माणूस सामान्यतः राहतो तिथं. कलम २० म्हणतं, एखाद्या गावात केवळ आपलं घर आहे एवढ्यानं माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. थोड्या दिवसांसाठी बाहेर गेलेला माणूस मात्र रहिवासी राहतो.

थोडे दिवस म्हणजे किती? यजमान दिल्लीला आले १९९६ मध्ये. कायद्यानं त्याचा आकडा दिलेला नाही, आणि वहिनींनीही तो घरी विचारला नाही.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी हितल्या नळाचं पानी भरती, हितल्या दवाखान्यात गोळ्या घेती. मत तेवढं तिकडं ठिवून काय लोणचं घालू?"

मुलाकडं त्यांनी परवानगी मागितलीच नाही. आधारवर पत्ता गावचा होता, तो आधी बदलायला हवा. घरमालकाचा करार नसला तरी त्याला एक वाट असते, फोटो लावलेला ठरावीक नमुन्यातला दाखला. त्यावर खासदार, आमदार, नगरसेवक, राजपत्रित अधिकारी, तहसीलदार यांपैकी कुणीतरी सही-शिक्का करायचा. तीन महिन्यांत तो वापरायचा, नाहीतर बाद. भाड्यानं राहणाऱ्या हजारो माणसांचं शहरातलं अस्तित्व या एका कागदावर उभं आहे. तो कागद देणं हे आमदाराचं सगळ्यात छोटं काम असेल, विधानसभेत त्याची कधी चर्चा होणार नाही. पण त्या सहीसाठी माणसं नऊ वाजल्यापासून येऊन बसतात.

आधार झालं. मग मतदार यादीचा फॉर्म ६, कारण तेव्हा दुसऱ्या मतदारसंघात जायला तोच भरावा लागे. २०२२ पासून त्यासाठी फॉर्म ८ आहे. बूथ अधिकारी घरी येऊन पाहून गेली. आत्याबाईंबरोबर वहिनींनीही गुपचूप आपला फॉर्म भरला. ८ फेब्रुवारी २०२० ला सासू-सुना सरकारी शाळेतल्या रांगेत उभ्या राहिल्या. यजमान दुकानात होते. घरी आल्यावर दोघींची शाई लावलेली बोटं दिसली, तेव्हा ते जेवणाच्या ताटावरून उठले नाहीत, पण चार दिवस बोललेही नाहीत.

पुढच्या महिन्यात कोरोना आला.

गलाईच्या दुकानात तेव्हा सहा पोरं होती. दिवसा भट्टी, रात्री तिथंच पथारी. सराफ बाजार बंद, भट्टी बंद, गाड्या बंद. सहाही जणांची शिधापत्रिका गावात, मत गावात, आधार गावचं. पहिले दहा दिवस वहिनींच्या चुलीवर निभावलं. मग डबे वाजायला लागले. दिल्ली सरकारनं शिधापत्रिका नसलेल्यांसाठी ऑनलाइन कुपन सुरू केलं होतं, सरकारी शाळांतून धान्य मिळत होतं. पण त्याची साइट सारखी अडकायची. वहिनी तोंडाला ओढणी बांधून कार्यालयात गेल्या. खुर्च्या दूरदूर मांडलेल्या. तोच मुलगा, तेच रजिस्टर. त्यांनी सहा नावं सांगितली. गाव विचारलं, फोन विचारला, आधारचा आकडा विचारला.

मताचा रकाना होता तिथंच, पण त्या महिन्यात तो कुणी भरलाच नाही. त्यात रेघसुद्धा नव्हती.

यजमान हे ऐकून बराच वेळ गप्प बसले. धान्य आणायला ते स्वतः गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "त्या पोराला चार मान्सं सांभाळत न्हाईत, चारशे सांभाळतोय." मत बदलायचा विषय मात्र त्यांनी काढला नाही आणि वहिनींनीही नाही.

तीर्थयात्रेच्या गाड्या डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. २०२२ मध्ये आत्याबाईंचं नाव सोडतीत निघालं. रामेश्वर! काशीची गंगा रामेश्वराला घालायची ही त्यांच्या सासूची राहून गेलेली इच्छा, म्हणून गंगाजलाची सीलबंद तांब्याची लोटी पदरात धरूनच त्या गाडीत चढल्या. सोबतीला वहिनी. डब्यात सगळ्या करोल बाग, पहाडगंज, पटेल नगरच्या म्हाताऱ्या. पंजाबी, राजस्थानी, बिहारी. भजनं सुरू झाली, मग ओळखी. एकीनं विचारलं, "माताजी, आप कहाँ की हो?"

दहा वर्षं या प्रश्नाला आत्याबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. गावाचं नाव, मग तालुका, मग जिल्हा, आणि समोरच्याला काहीच कळलं नाही की 'बंबई'. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "करोल बाग की."

वहिनी ही गोष्ट सांगताना अजून हसतात आणि डोळेही पुसतात.

सगळंच गोड झालं असं नाही. नळाला अजूनही आठवड्यातून एखादा दिवस पिवळं पाणी येतं. आमदारांच्या पत्राला जल बोर्डाचं उत्तर येतं, पाणी मात्र त्याच रंगाचं. आमदाराच्या हाती असतो तो स्थानिक विकास निधी, त्याचाही आकडा राजकारणाबरोबर हलतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो आमदारामागं वर्षाला १५ कोटी रुपये झाला, सरकार बदलल्यावर मे २०२५ मध्ये ५ कोटींवर आला. त्यातून बाकं, दिवे, उद्यानाची भिंत, गल्लीतली फरशी होते. जमिनीखालचे जुने नळ बदलणं हे एवढ्याशा निधीचं काम नव्हे. मुंबईत गोरेगावच्या मृणाल गोरे नळाच्या पाण्यासाठी लढल्या आणि 'पाणीवाली बाई' झाल्या. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर गेल्या तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा घरोघरी झाली होती. त्या मोर्चांत हंडे घेऊन बायका रस्त्यावर उतरत. करोल बागेच्या गल्लीतल्या बायका हंडा घेऊन निघत नाहीत, त्या फोटो काढून गटात टाकतात. कदाचित म्हणूनच पाण्याचा रंग बदलत नसावा. वहिनींचंही मत असंच आहे, पण मोर्चा काढायला पुढं कोण होणार, यावर त्या पदराशी चाळा करतात.

जानेवारी २०२४ च्या ३१ तारखेला अनिल बाबर गेले. दिल्लीतल्या गलाईच्या दुकानांतही त्या दिवशी शांतता होती. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. यजमान निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेसनं निघाले, सांगलीला उतरले, गावात मत दिलं, शिवारातलं पाणी पाहिलं आणि परत आले. बाबरांचे चिरंजीव सुहास निवडून आले तेव्हा दुकानात पेढे वाटले.

अडीच महिन्यांनी, ५ फेब्रुवारी २०२५ ला, दिल्लीचं मतदान झालं. सकाळी आठलाच आत्याबाई नवी नऊवारी नेसून तयार. वय शहात्तर झालेलं, गुडघे धरलेले. शाळेपर्यंत चालवेना. वहिनींना एकटीला ते जमेना. शेवटी यजमानांनी दुकानाची किल्ली धाकट्या भावाकडं दिली, आईला स्कूटरवर बसवलं आणि शाळेच्या फाटकाशी नेऊन सोडलं. आत जायला त्यांच्याकडं चिठ्ठी नव्हती. ते फाटकाबाहेर उभे राहिले. शेजारचा पराठेवाला, समोरचा शिंपी, घरमालक, सगळे आत जाताना त्यांना रामराम करत होते आणि विचारत होते, "भाईसाब, हो गया?"

आत्याबाई बाहेर आल्या. बोट पुढं धरून मुलाला दाखवलं. त्यानं स्कूटर चालू केली.

रात्री जेवणं झाल्यावर वहिनी भांडी आवरत होत्या. यजमान फोन घेऊन बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, "आगं, त्यो फोटो लावलेला दाखला... त्येला फोटो किती लागत्यात?"

"एकच," वहिनी आतून म्हणाल्या आणि नळ बंद केला.